राखीव दुवा आणि विध्यर्थ

साहित्यचर्चेच्या पानावर राउटर आणि केबल यांचे काय काम, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आमच्याही मनात तो आला होता. पण गेल्या वर्षी पावसाळ्यात एका रविवारी आमचा एक माजी विद्यार्थी जालन्याच्या घरी आला आणि चहा होण्याच्या आत त्याने दोन वाक्यांचा एक कागद आमच्यापुढे ठेवला. अकरावी-बारावीला तो आमच्याकडे मराठी शिकला, पुढे अभियांत्रिकीकडे वळला. आता पुण्यात नोकरी करतो आणि संगणक-जाळ्यांच्या क्षेत्रात फार मानाची समजली जाणारी सीसीआयई ही परीक्षा देण्याच्या खटपटीत आहे. त्याच्या शिकवणीवर्गाने घेतलेल्या सराव-परीक्षेत त्याचे काही गुण गेले होते. गुण गेल्याचे दुःख होतेच, पण त्याची तक्रार निराळी होती. "सर, कॉन्फिगरेशन चुकलं नाही, वाचन चुकलं म्हणायलेत ते. आणि वाचायला तर तुम्हीच शिकवलंय."

असा आरोप अंगावर आल्यावर कागद वाचणे भाग होते. मूळ वाक्ये इंग्रजीत होती. येथे दिलेले मराठी रूप आमचे. प्रश्नपत्रिकेच्या पहिल्या पानावर, सर्वसाधारण सूचनांत, एक वाक्य: ‘सर्व राउटरांवरून जाळ्यातील सर्व पत्त्यांपर्यंत पोहोच असावी.’ चौथ्या पानावर, एका विशिष्ट प्रश्नात, दुसरे: ‘दोन कार्यालयांमधला मुख्य दुवा तुटला तर राखीव दुव्याने काम सांभाळावे, मुख्य दुवा चालू असेतोवर राखीव दुवा निष्क्रिय असावा.’ वाद एवढाच, की त्या निष्क्रिय ठेवलेल्या दुव्याचे स्वतःचे जे पत्ते असतात ते पहिल्या वाक्यातल्या ‘सर्व’मध्ये मोजायचे की नाही.

ज्यांचा या विद्येशी संबंध नाही (आमचाही नव्हता) त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. राउटर हे जाळ्यातले चौकातले हवालदार. दोन राउटरांना जोडणाऱ्या प्रत्येक दुव्याच्या दोन्ही टोकांना एकेक पत्ता असतो. त्या पत्त्याला हाक मारून पाहण्याच्या क्रियेला पिंग म्हणतात. सिस्कोच्या राउटरवर पिंग केले की एरवी पाच हाका जातात. ओ आली की पडद्यावर उद्गारचिन्ह उमटते, दोन सेकंद वाट पाहूनही ओ आली नाही तर टिंब. परीक्षार्थी शेवटी एक छोटी आज्ञावली चालवून प्रत्येक राउटरवरून प्रत्येक पत्त्याला हाका मारून घेतो. आमच्या विद्यार्थ्याच्या पडद्यावर उद्गारचिन्हांच्या रांगाच रांगा होत्या आणि मधेच एक ओळ पाच टिंबांची. तीच ती राखीव दुव्याची.

राखीव दुवा निरनिराळ्या रीतींनी ठेवता येतो, आणि ह्या सगळ्या वादाचे मूळ तिथेच आहे. त्याने जी रीत वापरली तिला बॅकअप इंटरफेस म्हणतात. मुख्य दुव्याला सांगून ठेवायचे, की तुझ्यामागे हा उभा आहे. मुख्य दुवा धडधाकट असेपर्यंत राखीव दुवा ‘स्टँडबाय’ अवस्थेत राहतो. राउटर त्याला बंदच समजतो, त्याचे नाव मार्गांच्या यादीतून गळते, आणि साहजिकच त्याच्या पत्त्याला कुणाचीही हाक पोहोचत नाही. दुसरी रीत फ्लोटिंग स्टॅटिक रूटची. हिच्यात दुवा चालूच असतो, त्याचे पत्ते यादीत असतात, हाकेला ओ मिळते. मात्र त्याच्यावरून जाणाऱ्या मार्गाला मुद्दाम कमी विश्वासार्ह ठरवलेले असते. राउटर प्रत्येक मार्गाला अविश्वासाचा एक आकडा देतो, आकडा लहान तितका मार्ग बरा. हाताने लिहिलेल्या मार्गाला एरवी १, ओएसपीएफ या पद्धतीने कळलेल्या मार्गाला ११०. राखीव मार्गाला २०० किंवा त्याहून मोठा आकडा दिला, की मुख्य मार्ग जिवंत असेपर्यंत त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही.

तिसरी रीत आता इतिहासजमा झाली आहे, पण ती सांगितल्यावाचून आम्हांला राहवत नाही. पूर्वी राखीव दुवा बहुधा आयएसडीएनचा, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरचा असे. गरज पडली की राउटर फोन लावी, काम झाले की ठेवून देई, आणि बिल मिनिटांवर येई. असा दुवा प्रत्यक्षात बंद असताना राउटर त्याची अवस्था ‘चालू, स्पूफिंग’ अशी दाखवतो. स्पूफिंग म्हणजे बतावणी. दुवा चालू असल्याची बतावणी केली नाही तर त्याच्यावरचा मार्ग यादीत राहत नाही, आणि मार्ग नसेल तर फोन लावण्याची वेळच येणार नाही. त्यात गंमत अशी, की कोणती हाक ‘दखलपात्र’ धरायची हे परीक्षार्थीच ठरवी. पिंग दखलपात्र धरला असेल तर दुवा तपासण्यासाठी मारलेल्या हाकेनेच फोन लागे, आणि ‘मुख्य दुवा चालू असेतोवर निष्क्रिय’ ही अट तपासणाऱ्याच्या हातूनच मोडे. २००७ साली आयएसडीएन त्या प्रयोगपरीक्षेतून गेला. त्याने उभा केलेला प्रश्न मात्र गेलेला दिसत नाही.

शिक्षकांचे म्हणणे होते, सर्व म्हणजे सर्व. मुलाचे म्हणणे, "निष्क्रिय राहा म्हणायचं आणि हाक मारली तर ओ दे म्हणायचं, हे कसं जमावं?"

आमचा पहिला कौल अर्थातच मुलाच्या बाजूने होता. आपल्या विद्यार्थ्याचे गुण दुसऱ्याने कापले की शिक्षकाला तो स्वतःचा अपमान वाटतो. परंतु साहित्यशास्त्र शिकवण्यात हयात गेल्यामुळे कौल देण्याआधी एक जुनी कसोटी लावून पाहिली. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त लक्षणेला तीन अटी घातल्या आहेत, हे आपण दरवर्षी फळ्यावर लिहितो: मुख्यार्थाला बाध यावा, नव्या अर्थाचा मुख्यार्थाशी संबंध असावा, आणि रूढी किंवा प्रयोजन यांपैकी एकाचा आधार असावा. गंगेवर गवळीवाडा आहे असे म्हटले तर पाण्याच्या प्रवाहावर घरे उभी राहत नाहीत, म्हणून ‘गंगेच्या काठी’ असा अर्थ घ्यायचा. घरे प्रवाहावर उभी राहू शकत असती, तर काठाकडे जाण्याचे काही कारणच नव्हते. (राखीव दुव्याचे काम याहून वेगळे नाही हे लिहिता लिहिता लक्षात आले. अभिधा तुटल्याशिवाय लक्षणा उभी राहत नाही.)

‘सर्व’चा अर्थ ‘निष्क्रिय सोडून बाकी सर्व’ असा करणे ही लक्षणा झाली. मग प्रश्न उरतो तो मुख्यार्थाला खरोखर बाध आला होता का, हा. आला नव्हता. दुसरी रीत वापरली असती तर दुवा चालू राहिला असता, त्याच्यावरून रहदारीही गेली नसती, आणि हाकेला ओही मिळाली असती. स्टॅटिक मार्ग वापरू नयेत अशी अट प्रश्नपत्रिकेत कुठे नव्हती. आम्ही त्याच्याकडून ती सगळी वाचून घेतली. म्हणजे मुलगा मुख्यार्थ तुटण्याआधीच लक्षणेवर गेला होता. हे त्याला सांगितले तेव्हा त्याचा चेहरा उतरला, आणि आम्हांला शिक्षकी समाधान मिळाले हे कबूल केले पाहिजे.

ते समाधान चहा संपेपर्यंतच टिकले. कारण ‘निष्क्रिय’ हा शब्द आम्ही घाईत ओलांडला होता. शिक्षकांचे वाचन शब्दशः आहे असे वाटते खरे, पण त्यांनीही एका शब्दाची ओढाताण केलेलीच आहे. ज्याचे पत्ते यादीत आहेत, जो हाकेला ओ देतो, तो दुवा निष्क्रिय कसा? ‘ज्यावरून रहदारी जात नाही असा’ एवढाच अर्थ घेतला तर तो निष्क्रिय. म्हणजे इथेही लक्षणा आलीच. मुलाने ‘निष्क्रिय’ शब्दशः घेतला आणि ‘सर्व’ वाकवला, शिक्षकांनी ‘सर्व’ शब्दशः घेतला आणि ‘निष्क्रिय’ वाकवला. दोघांच्या खर्चाच्या वहीत लक्षणा एकेकच. मग गुण एकाचेच का जावेत?

इथे कुणी मीमांसेतला सामान्य-विशेष न्याय पुढे करील. पहिल्या पानावरची सूचना सामान्य, चौथ्या पानावरची विशेष, आणि विशेष सामान्याला बाजूला सारते. पण तो न्याय विरोध असेल तिथेच आणि विरोधापुरताच चालतो. विरोध आहे की नाही हेच तर ‘निष्क्रिय’चा अर्थ काय घ्यायचा यावर अवलंबून आहे. न्याय लावण्यासाठी आधी अर्थ ठरवायचा आणि अर्थ ठरवण्यासाठी न्याय लावायचा, असा हा फेरा आहे.

त्यातून बाहेर पडण्याचा एकच रस्ता आम्हांला दिसतो, आणि तो प्रयोजनाचा. कावळ्यांपासून दही राख असे आईने मुलाला सांगितले तर कुत्रे आले तरी त्याने हाकलले पाहिजे, हे शास्त्रग्रंथांतले घासून गुळगुळीत झालेले उदाहरण. तिथे ‘कावळा’ शब्दाचा विस्तार करता येतो, कारण राखायचे काय ते ठाऊक आहे. आपल्या प्रश्नपत्रिकेत कावळ्यांची नावे तपशीलवार दिली आहेत, दह्याचा मात्र उल्लेख नाही. राखीव दुवा निष्क्रिय का ठेवायचा? मिनिटामिनिटाला बिल येते म्हणून असेल, तर तो खरोखर बंदच हवा आणि मुलगा बरोबर. वेग कमी आहे म्हणून रोजची रहदारी तिथून जाऊ नये एवढाच हेतू असेल, तर तो चालू राहिला तरी बिघडत नाही आणि शिक्षक बरोबर. आयएसडीएनच्या काळात हे दही सर्वांना न सांगता माहीत होते. तो काळ गेला, वाक्यांची घडण मात्र तशीच मागे उरली, असे आम्हांला वाटते.

ह्या पानाचे वाचक मराठीचे विद्यार्थी आणि अध्यापक आहेत, म्हणून व्याकरणाचा एक मुद्दा त्यांच्यापुढे ठेवतो. पहिले वाक्य विध्यर्थी आहे: पोहोच असावी. विध्यर्थात कर्तव्य असते, योग्यता असते, इच्छा असते, काळ नसतो. ‘आहे’, ‘होती’, ‘असेल’ यांना ‘केव्हा’ असे विचारले तर ती उत्तर देतात, ‘असावी’ देत नाही. दुसऱ्या वाक्याचा सांगाडा संकेतार्थाचा आहे: अमुक झाले तर तमुक. राखीव दुवा हा स्वभावानेच संकेतार्थी. त्याचे असणे मुख्य दुव्याच्या नसण्याला बांधलेले. त्या दुव्याला कालहीन विध्यर्थ लावला की तो केव्हाचा, हा प्रश्न निघणारच. पोहोच ही दुव्याच्या अंगची कायमची वस्तू नव्हे, ती जाळ्याच्या त्या त्या वेळच्या अवस्थेवर ठरते. मुख्य दुवा चालू असतानाचे जाळे एक, तो तुटल्यानंतरचे दुसरे. प्रश्नकर्त्याने ‘सर्व’ लिहिताना यांतले कोणते जाळे डोळ्यांपुढे ठेवले होते, एवढा एक शब्द त्या कागदावर नाही. म्हणून आमचे मत असे, की ज्या परीक्षार्थ्याने मुख्य दुवा पाडून राखीव दुव्याला ओ देताना दाखवले त्याचे गुण कापता येणार नाहीत. पण ते दाखवणे त्याच्याकडे लागते. आमच्या विद्यार्थ्याने दुसऱ्या अवस्थेत आज्ञावली चालवलीच नव्हती. त्याने आपला अर्थ मनात ठेवला, कागदावर किंवा पडद्यावर त्याची खूण ठेवली नाही.

खऱ्या परीक्षेविषयीही थोडे लिहिले पाहिजे. ही परीक्षा १९९३ साली सुरू झाली. २००१पर्यंत प्रयोगपरीक्षा दोन दिवस चाले, पुढे ती एका दिवसाची आठ तासांची झाली. २०२०पासून त्या आठांतले तीन तास आराखड्याचे आणि पाच तास प्रत्यक्ष उभारणीचे. आपल्याकडचे उमेदवार बहुधा बंगळुरूला जातात. शुल्क लाखाच्या वर. वाचनाच्या एका चुकीची ही किंमत आपल्या कुठल्याही एम.ए.च्या विद्यार्थ्याला मोजावी लागत नाही, आणि म्हणूनच कदाचित आपल्या वर्गांत वाचन इतके सैल झाले आहे.

त्या खोलीत एक पर्यवेक्षक असतो. प्रश्नाचा अर्थ त्याला विचारता येतो. आपले उत्तर बरोबर आहे का, हे विचारता येत नाही. रोलां बार्तने १९६७मध्ये लेखकाचा मृत्यू घोषित केला, त्यावर आपण कितीतरी चर्चासत्रे केली. इथे लेखकाचा प्रतिनिधी जिवंत आहे, समोर बसला आहे, आणि विचारले तर काही अंशी बोलतोही. पण बोलण्याची रीत अशी, की विचारणाऱ्याला आधी दोन अर्थ स्वतः मांडता आले पाहिजेत. ‘याचा अर्थ काय’ असे विचारणाऱ्याच्या पदरात फारसे काही पडत नाही. ‘याचे दोन अर्थ होतात, हा आणि हा, यांतला कोणता धरू’ असे विचारणाऱ्याला उत्तर मिळण्याचा संभव असतो. आमच्या मते हीच खरी वाङ्मयीन परीक्षा आहे, आणि ती आपल्या विद्यापीठांबाहेर होते.

दुसरी गोष्ट गोपनीयतेची. परीक्षार्थी प्रश्न बाहेर न सांगण्याचा करार करून बसतो. प्रश्न फुटू नयेत हे रास्तच. पण त्यामुळे ह्या वाक्यांवर उघडपणे भाष्याची परंपरा तयार होऊ शकत नाही, हेही खरे. आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेला, भोकरदन तालुक्यात, महानुभावांचे जाळीचा देव हे क्षेत्र आहे. त्या पंथाची याबाबतीतली वाट पाहण्याजोगी आहे. केसोबासांनी चक्रधरस्वामींची वचने लीळांतून वेगळी काढून ‘सूत्रपाठ’ सिद्ध केला. सूत्र प्रसंगापासून सुटले की त्याचे अर्थ फाटे फोडू लागतात. म्हणून हे वचन कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून निघाले ते सांगणारे ‘प्रकरणवश’ सिद्ध झाले. म्हणजे आधी आज्ञा, आणि मग त्या आज्ञेचे ‘केव्हा’ आणि ‘कोणाला’. हेच ग्रंथ पुढे सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद राहिले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी ती लिपी उलगडेपर्यंत बाहेरच्या वाचकाला ते वाचता येत नव्हते. पण पंथाच्या आत त्यांच्यावर टीका, भाष्ये, वाद अखंड चालू होते. गुपित राखूनही वाचनाची शिस्त राखता येते, याचे इतके जवळचे उदाहरण असताना आम्ही ते वर्गात केवळ प्राचीन मराठी वाङ्मयाच्या इतिहासातले एक प्रकरण म्हणून उरकतो.

आता स्वतःकडे वळू. त्या रविवारी संध्याकाळी आम्ही आमच्या जुन्या प्रश्नपत्रिका काढून पाहिल्या. ‘सोदाहरण चर्चा करा.’ किती उदाहरणे? ‘आवश्यक तेथे संदर्भ द्या.’ आवश्यकता कोणी ठरवायची? एके वर्षी आम्ही ‘पुढील सर्व कवींच्या संदर्भात’ असे लिहून खाली पाच नावे दिली होती आणि कंसात ‘कोणतेही तीन’ असे छापले होते. पाचही लिहिणाऱ्या मुलींना वेळ पुरला नाही, तीन लिहिणाऱ्यांना पूर्ण गुण मिळाले. तेव्हा त्यांतली एकही आमच्या घरी कागद घेऊन आली नाही. ती आली असती तर आम्ही काय उत्तर दिले असते ते आम्हांला चांगले माहीत आहे.

हा सारा वाद परीक्षेपुरता असता तर इतके लिहिले नसते. पण हीच मुले उद्या खरी जाळी उभारणार आहेत. खेड्यापाड्यांत प्रकाशतंतू नेण्याची राष्ट्रीय योजना २०११ साली मंजूर झाली, २०१५मध्ये तिला भारतनेट हे नाव मिळाले. तिच्यातली बरीच जोडणी एकेरी माळेसारखी होती: तालुक्यापासून निघालेली तार एका ग्रामपंचायतीतून दुसरीकडे. रस्त्याचे काम करणाऱ्या जेसीबीने मधे कुठे तार तोडली, की पुढची गावे अंधारात. ऑगस्ट २०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १.३९ लाख कोटी रुपयांच्या सुधारित योजनेला मान्यता दिली. तिच्यात माळेचे कडे करायचे आहे, म्हणजे एका बाजूने तुटले तर दुसऱ्या बाजूने पोहोच राहील. मंठ्याच्या किंवा घनसावंगीच्या एखाद्या गावात रेशनच्या दुकानापुढे रांग उभी असते, अंगठा यंत्रावर असतो, आणि यंत्र नेटवर्क नाही म्हणते. अशा वेळी करारातल्या ‘राखीव मार्ग उपलब्ध असावा’ यासारख्या वाक्याचे कोणी कसे वाचन केले होते, ते कळते. मार्ग कागदोपत्री होता, की तो मुख्य तार तोडून कधी तपासला होता?

जालनेकरांना तर हा भेद शिकवण्याची गरज नाही. शहराला निजामकाळातल्या घाणेवाडी तलावाचे पाणी आहे, आणि पैठणहून जायकवाडीचेही येते. दोन उगम असणे वेगळे आणि एक आटला त्या आठवड्यात दुसऱ्याचे पाणी नळाला येणे वेगळे, हे २०१२-१३च्या दुष्काळात ज्यांनी घागरी घेऊन टँकरची वाट पाहिली त्या बायकांना विचारावे. ‘पर्यायी स्रोत’ हे शब्द टंचाईच्या कागदांत किती सहज येतात! त्यांना काळ जोडलेला नसतो.

मुलगा रात्रीच्या गाडीने गेला. पुढच्या आठवड्यात त्याचा फोन आला. त्याने शिकवणीवर्गात शिक्षकांपुढे तोच कागद ठेवून विचारले होते, "राखीव दुव्याची पोहोच तुम्ही मुख्य दुवा चालू ठेवून तपासता की बंद करून?" शिक्षकांनी कागद उलटसुलट पाहिला, थोडा वेळ घेतला आणि म्हणाले, "दोन्ही वेळा." गुण काही परत मिळाले नाहीत. मात्र पुढच्या तुकडीच्या प्रश्नपत्रिकेत पहिल्या पानावर ‘दोन्ही अवस्थांत’ असे दोन शब्द वाढवले आहेत, आणि त्यामुळे बॅकअप इंटरफेसची रीत आता वापरताच येत नाही, म्हणून मुलगा पुन्हा चिडला आहे.